ऊसतोड टोळ्यांच्या तळावर विद्यार्थ्यांचा दवाखाना – काय लागतं, काय चुकतं?

सप्तपर्णी_७ (सोम, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. कॉलेजपासून १८ किलोमीटरवर साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की कारखान्यामागच्या माळावर बीड-जालन्याकडच्या टोळ्यांच्या सव्वाशे-दीडशे कोप्या (झोपड्या) पडतात. तिथे मार्चपर्यंत दर आठवड्याला दवाखाना चालवायचा बेत आहे. एमबीबीएस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे १२, इंटर्न ४, बीएस्सी नर्सिंगच्या ४ आणि बी.फार्म.चे २ असे आम्ही २२ जण. कम्युनिटी मेडिसिनचे सर दर वेळी सोबत असतील.

वेळ: रविवार, सकाळी १० ते १. सामान: बीपीची २ यंत्रं, ग्लुकोमीटर, वजनकाटा, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, अ‍ॅन्टासिड, खोकल्याची औषधं, मल्टीव्हिटामिन. दर वेळी १०० रुग्णांचं लक्ष्य.

वेळ बरोबर आहे का? यादीत काय राहिलं? आणि विद्यार्थ्यांनी कशाला हात लावायचा, कशाला नाही?

टिपरू

रविवारी सकाळी १० वाजता तळावर कोण भेटेल? लहान पोरं, त्यांना सांभाळणाऱ्या जरा मोठ्या पोरी, एखादी म्हातारी आणि कुत्री. फडाला (उसाच्या तोडीला) रविवार नसतो. एक दिवस बुडवला की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात, आणि एका कोयत्यात (मजुरीच्या एककात) नवरा-बायको दोघं मोजलेले असतात. त्यामुळे एकटी बायकोही सहज येऊ शकत नाही.

आधी टोळी कुठल्या सेंटरची ते विचारा. गाडी सेंटरवाले (बैलगाडीने ऊस नेणारे) पहाटे फडात जातात, दुपारी गाडी भरून कारखान्याकडे निघतात. पुरुष वजनकाट्याच्या रांगेत अडकतात, बायका संध्याकाळी तळावर येऊन चुली पेटवतात. डोकी सेंटरवाल्यांचं (डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्यांचं) सगळं ट्रक-ट्रॅक्टरवर अवलंबून. तो रात्री ११ ला आला तर ११ ला मोळ्या वाहायच्या. म्हणून संध्याकाळी साडेसहा ते नऊ. गाडीवाल्या बायका नक्की भेटतील, बाकीचे निम्मे तरी. साफसफाईसाठी कारखाना बंद असतो तो दिवस सोन्यासारखा. शेती खात्यातून किंवा स्लिपबॉयकडून (फडात तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडून) तारीख आधी कळते.

शंकेखोर

मूळ विचारालाच विरोध नोंदवतो. १०० रुग्णांचं लक्ष्य, मल्टीव्हिटामिन वाटप, मागे बॅनर. याला दवाखाना म्हणत नाहीत, शिबिर म्हणतात. गरिबाच्या दंडावर पोरं बीपी शिकणार, लोकांच्या हातात चार गोळ्या पडणार आणि आठवड्याने दुखणं जिथल्या तिथे. शिकायचंच असेल तर कॉलेजच्या ओपीडीत गर्दी कमी आहे का?

सप्तपर्णी_७

बॅनर छापलेला नाही. (अजून.)

केंद्रावरचा (मंगळ, सकाळी ७:१०)

शंकेखोर, निम्मं पटलं. फरक नावात नाही, पुढच्या आठवड्यात तोच माणूस परत दिसतो का यात आहे. ओपीडीत विद्यार्थ्याला आजार दिसतो. औषध का थांबलं, चिठ्ठी घेऊन माणूस तालुक्याला का पोचला नाही, हे तळावरच कळतं.

सप्तपर्णी, पहिल्या फेरीआधी चार जणांना भेटा. (अ) ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तळ आहे तिथले वैद्यकीय अधिकारी, (आ) तालुका आरोग्य अधिकारी, पत्र देऊन पोच घ्या, (इ) कारखान्याचे शेती अधिकारी, (ई) प्रत्येक टोळीचा मुकादम. यातल्या आरोग्य केंद्राशी जमलं नाही तर बाकीचं सगळं पाण्यात. लोहाच्या गोळ्या, ओआरएस, झिंक, जंताची अल्बेंडाझोल, बीपी-शुगरची नेहमीची औषधं त्यांच्याकडे मोफत असतात. तुम्ही देणगी गोळा करून तीच विकत आणण्यात अर्थ नाही. आशाताईला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. तिला तळावरच्या गरोदर बायका आणि लसीकरण राहिलेली मुलं तुमच्याकडून कळतील, तुम्हाला वाट तिच्याकडून कळेल.

विद्यार्थ्याला स्वतःच्या सहीने औषध देता येत नाही. प्रत्येक कागदावर नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. इंटर्नची नोंदणीही तात्पुरती असते. सर एखाद्या आठवड्याला आले नाहीत तर त्या दिवशी फक्त मोजमाप आणि आरोग्यशिक्षण. औषधांची पेटी उघडायचीच नाही.

टेबल_क्र_३

आता १०० चा हिशोब करू. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. मांडामांड-आवराआवर वजा करून १२० धरा. सरांनी प्रत्येकाला ४ मिनिटं दिली तरी ३० रुग्ण. १०० बघायचे तर मिनिटाला एक पडतो, आणि तेवढ्यात विद्यार्थी फक्त गोळी हातात ठेवायला शिकेल. ३० ठरवा. सहाच्या आधी टोकन द्या. गरोदर बाई, ताप असलेलं मूल आणि जखम यांना टोकनशिवाय.

मांडणी अशी: टेबल १ नोंदणी, दुसऱ्या वर्षाचे दोघे. टेबल २ मोजमाप, नर्सिंगच्या मुली आणि दुसरं वर्ष. टेबल ३ माहिती घेणं आणि तपासणी, तिसऱ्या वर्षाचा एक आणि मागे इंटर्न. मग विद्यार्थ्याने सरांसमोर एका मिनिटात मांडायचं: कोण, काय त्रास, किती दिवस, काय सापडलं, मला काय वाटतं. सर त्याच्यासमोर रुग्णाला पुन्हा तपासतात. खरं शिक्षण त्या मिनिटात होतं, ते गर्दीच्या नावाखाली कापू नका. टेबल ४ औषध आणि समजावणं, फार्मसीचे दोघे. निघण्याआधी २० मिनिटं सगळ्यांनी बसून त्या दिवसाचे तीन रुग्ण आणि एक चूक बोलायची.

आणि २२ जण एकदम नेऊ नका. १० पुरे. ३० रुग्णांभोवती २२ पांढरे कोट म्हणजे वरात.

बोटावर_थेंब

टेबल २ वर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

शुगर: ऊस तोडून आलेल्या माणसाच्या बोटांवर रस वाळलेला असतो. तसंच टोचलं तर ग्लुकोमीटर रक्तातली नाही, उसातली साखर मोजतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती नीट जात नाही. साबण आणि पाण्याने हात धुवायचे, कोरडे पुसायचे, मग टोचायचं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. बोट पिळू नका, हात खाली लोंबता ठेवून तळव्यापासून चोळत आणा. आकडा अवाच्या सवा आला तर हात पुन्हा धुऊन दुसऱ्या बोटावर. सहज केलेल्या तपासणीत २०० च्या वर आणि सोबत तहान, लघवी, वजन घटणं असेल तर संशय पक्का. लक्षणं नसतील तर उपाशीपोटी तपासणी, १२६ किंवा वर. फक्त बोटावरच्या आकड्यावर कुणालाही ‘तुम्हाला डायबेटिस झालाय’ सांगून घरी पाठवू नका. पक्कं निदान केंद्रावर शिरेतून रक्त घेऊन.

बीपी: चहा किंवा बिडीनंतर अर्धा तास जाऊ द्या, ५ मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा स्वेटरवर नाही. तळावर खुर्च्या नसतात, माणूस पोत्यावर उकिडवा बसतो आणि आकडा वर जातो. दोन पाठीच्या खुर्च्या न्याच. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त दिसतं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० च्या वर असेल तर पुढच्या फेरीत पुन्हा. १८०/१२० आणि सोबत छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं असलं काही असेल तर चर्चा नको, १०८.

मिसळ_कमी_तर्री

म्हणजे हात न धुता तपासलं तर अख्खी टोळी डायबेटिक आणि गुऱ्हाळवाला आयसीयूत. :)

पिपेट

यादीत हिमोग्लोबिन नाही हे बघून धक्का बसला. तळावरच्या बायकांसाठी तीच पहिली तपासणी. यंत्राच्या पट्ट्या महाग वाटत असतील तर साहलीची नळी आहेच: २० मायक्रोलिटर रक्त, एन/१० हायड्रोक्लोरिक आम्लात, १० मिनिटं थांबून थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालत रंग जुळवायचा.

बोटावर_थेंब

@पिपेट, साहली दिवसाउजेडी ठीक. इथे वेळ साडेसहानंतरची. पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये तो तपकिरी रंग दोघांना दोन तऱ्हेचा दिसतो. शिवाय रांग वाढली की १० मिनिटांची ५ होतात, आम्लाचं काम अपुरं राहतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं. संध्याकाळी डिजिटल यंत्रच. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. साहली कॉलेजात शिका.

पिपेट

मान्य. उजेडाचं लक्षातच आलं नाही.

निर्गुडी (मंगळ, दुपारी ३:०५)

बायकांबद्दल. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली, गरोदर बाईला ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. गरोदर नसताना ८ च्या खाली आणि गरोदरपणात ७ च्या खाली असेल तर तळावर उपचार नाहीत, रुग्णालयात. मधल्यांना ६० मिलिग्रॅम लोह असलेली गोळी रोज दोन, सोबत जंताची अल्बेंडाझोल ४०० (गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही), आणि महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन. एक ग्रॅमही वाढलं नाही तर गोळी घेतली जात नाहीये किंवा कारण दुसरंच आहे.

गोळी बंद का होते ते तळावर नीट कळतं. पहाटे उपाशीपोटी चहासोबत घेतली की मळमळतं, आणि चहाने लोह अंगी लागत नाही ते वेगळं. शौचाला काळं होतं, बाई घाबरून सोडते. म्हणून रात्री जेवणानंतर, चहापासून तासभर लांब, आणि काळं होणारच हे आधीच सांगायचं. गरोदर बाईला कॅल्शियमही चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, दोन तासांचं अंतर.

दुसरं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारने चौकशी समिती नेमली, ते सगळ्यांना आठवत असेल. त्यामुळे ‘पिशवी काढली का’ हा प्रश्न नोंदणीच्या टेबलावर, मुकादमासमोर, मुलग्या विद्यार्थ्याने विचारायचा नाही. आडोसा, बाई डॉक्टर किंवा नर्सिंगची विद्यार्थिनी, आणि विचारण्याचं कारण सांगून. उत्तर ‘हो’ असेल तर वय, किती वर्षं झाली, अंडाशयही काढलं का, आणि डिस्चार्ज कार्ड आहे का. तिशीतच अंडाशय गेलं असेल तर गरम वाफा, झोप न लागणं, हाडं दुखणं याचा अर्थ वेगळा लागतो. अंगावरून पांढरं जातंय म्हणणाऱ्या बाईला कॅन्सरची भीती कुणीतरी आधीच घातलेली असते. ती काढणं आणि तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात नेमक्या वारी पाठवणं, एवढं जमलं तरी एखादी अनावश्यक शस्त्रक्रिया टळेल.

आडोशाला दोन बांबू, एक दोरी, दोन जाड चादरी. यादीत लिहा.

खल_बत्ता

फार्मसीवाल्यांसाठी. मल्टीव्हिटामिन खोडा. एमआरकडून (औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून) आलेली सॅम्पलंही नकोत. ५ गोळ्यांचं पाकीट देऊन पुढच्या आठवड्यात वेगळ्या रंगाचं पाकीट दिलं की माणूस दोन्ही घेतो.

डायक्लोफेनॅक सरसकट देऊ नका. दिवसभर उन्हात, पाणी कमी, वरून वेदनाशामक, हे मूत्रपिंडाला मारक. बीपी किंवा आम्लपित्त असलेल्याला आणखी वाईट. तीस-चाळीस किलोची मोळी वाहणाऱ्याची मान-पाठ दुखणारच. पॅरासिटामॉल ५०० लागेल तशी, दोन डोसांत सहा तास, दिवसात ८ गोळ्यांच्या वर कधीच नाही. फिजिओथेरपीचा एखादा विद्यार्थी गाठा, गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पाकिटावर ‘१-०-१’ लिहून उपयोग नाही. उगवता सूर्य, भाकरी, चंद्र काढा. मग बाईला स्वतःच्या तोंडाने सांगायला लावा: ‘कधी घेणार, कशी घेणार?’ ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात.

ओआरएसची पुडी एक लिटरची असते. तळावर एक लिटरचं भांडं कुणाकडे असतंच असं नाही, मग अर्धी पुडी तांब्यात पडते. रिकामी एक लिटरची पाण्याची बाटली सोबत द्या. जुलाब असलेल्या सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका, हे दोनदा सांगा.

वडाची_पारंबी

आणि ‘सुई द्या’ म्हणणाऱ्यांचं काय? गोळीने बरं वाटत नाही, सुई टोचली की कसं लगेच हलकं होतं. दोन सलाइन लावली की अजूनच.

केंद्रावरचा

तळावर इंजेक्शन ठेवूच नका, म्हणजे वाद होत नाही. ‘सुई केंद्रावर’ एवढंच उत्तर. धनुर्वाताच्या लसीला शीतसाखळी लागते, २ ते ८ अंश. ती थर्मासमध्ये बर्फ घालून नेण्याची गोष्ट नाही. कोयत्याची जखम असेल तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, झाका, चिठ्ठी द्या. कुत्रं चावलं असेल तर साबणाने १५ मिनिटं धुणं घड्याळ लावून, आणि त्याच रात्री लसीसाठी पाठवायचं, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ नाही.

फडातला_नाग

अवांतर: सापाबद्दल कुणीच बोललं नाही. फडात घोणस, नाग, मण्यार तिन्ही. मण्यार तर रात्री झोपलेल्याला चावते, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून माणूस उठतो. टोळीला एवढंच शिकवा: कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही. हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर, आणि १०८. सगळ्यात जवळचं प्रतिविष कुठल्या रुग्णालयात शिल्लक आहे ते विद्यार्थ्यांनी दर महिन्याला फोन करून विचारावं, फलकावर लिहावं.

मिसळ_कमी_तर्री

आयडी बघून सल्ला घ्यायची भीती वाटतेय.

पिवळी_पिशवी

कचरा! जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. सगळं कॉलेजात परत आणून तिथल्या कचऱ्यासोबत नोंदवून द्यायचं. तळावर अनवाणी पोरं फिरतात. एक लॅन्सेट मातीत पडला तर दवाखाना न केलेला बरा. ३० लॅन्सेट नेले तर वापरलेले आणि कोरे मिळून ३० परत मोजून घ्या.

शंकेखोर (मंगळ, रात्री १०:२०)

धागा चांगला चाललाय, पण माझा प्रश्न तसाच आहे. मार्चमध्ये टोळ्या गावी जाणार, विद्यार्थी परीक्षेला. मग बीपीच्या गोळीचं काय? शिवाय एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक योजना आणलीच आहे की. तेच नीट करा.

वर्ध्याची_वाट

कुटुंब दत्तक कल्पना नवी नाही. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थी पहिल्याच वर्षी दत्तक गावात मुक्कामाला जातात, कुटुंबं वाटून घेतात आणि पुढेही भेटी देत राहतात. पण ते गाव जागेवर असतं. ऊसतोड्या कुटुंबाचं दार दिवाळीनंतर कुलूपबंद. बीडकडच्या विद्यार्थ्याला ते सहा महिने सापडत नाही, आणि कारखान्याकडच्या विद्यार्थ्याच्या गावयादीत ते नसतंच. दोन्हीकडून गळतं. म्हणून तळावरचा दवाखाना दत्तक योजनेला पर्याय नाही, पण तिच्यातलं हे भोक तरी बुजवतो.

केंद्रावरचा

शंकेखोर, गोळीचं उत्तर कागदात आहे. प्रत्येकाकडे स्वतःची वही हवी, जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात (कोपीला गळती असते). पहिल्या पानावर मूळ गाव, तिथलं आरोग्य केंद्र, मुकादम, सेंटर. पुढे दर भेटीचे आकडे आणि औषधाचं रासायनिक नाव, ब्रँड नाही. गरोदर बाईकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर त्यातच लिहा, नवी वही नको. प्रसूतीची तारीख हंगामात येत असेल तर डिसेंबरातच ठरवायचं की बाळंतपण इथे की गावाला. सातव्या महिन्यात बैलगाडीवर चढवून परत नेऊ नये.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीचे दोन नमुने. क्षय निघाला तर निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद होते, आणि रुग्ण गावी गेला तरी तोच क्रमांक तिकडच्या केंद्राकडे बदलून देता येतो. औषध तुटत नाही, पोषणाचे महिना १००० रुपयेही (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) त्याच नोंदीवर मिळतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन फेऱ्या फक्त याच कामाला ठेवा: कोण कुठे जाणार, महिनाभराची गोळी, गावच्या केंद्राला फोन.

टेबल_क्र_३

यात भर. चिठ्ठीवर ‘रेफर टू हायर सेंटर’ लिहिलं की ती चूल पेटवायला जाते. रुग्णालयाचं नाव, कुठल्या वारी, किती वाजता, कुठली खोली, कुठले कागद (रेशनकार्ड विसरू नका) आणि तिथे कुणाला भेटायचं, हे मराठीत. सात दिवसांत एका विद्यार्थ्याने पोचले का ते विचारायचं. फोन करण्याआधी नंबर कुणाचा ते बघा. टोळीत पुष्कळदा तो मुकादमाचा किंवा शेजारच्या कोपीतल्या दिराचा असतो. त्याला ‘तुमच्या ताईंच्या थुंकीचा रिपोर्ट आला’ सांगून मोकळं व्हायचं नाही. हंगामाअखेरीस किती रुग्ण पाहिले ते विचारू नका, पाठवलेल्यांपैकी किती पोचले ते मोजा.

शंकेखोर

हे शेवटचं वाक्य मूळ पोस्टमध्ये असतं तर मी गप्प बसलो असतो.

वडाची_पारंबी

अशक्य.

निर्गुडी

मुलांचं राहिलं. सहा महिने ते पाच वर्षं, कुपोषण बघायला डाव्या दंडाच्या मध्यावर घेर मोजायची रंगीत पट्टी. ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळं. दंडाचा मध्य नजरेने नाही, खांदा ते कोपर मोजून काढा, आणि पट्टी आवळू नका. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बिनचूक जमतं, औषध लागत नाही. लाल सापडलं तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. पायावर सूज आहे का तेही दाबून बघा, सूज असेल तर पट्टीचा रंग बघत बसू नका.

सप्तपर्णी_७ (बुध, रात्री ८:५५)

सगळ्यांचे आभार. रविवार रद्द. बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ. १० जण, ३० टोकन. मल्टीव्हिटामिन, खोकल्याची औषधं आणि १०० चा आकडा खोडला. डायक्लोफेनॅक सरांच्या पिशवीत, आमच्या टेबलावर नाही. हिमोग्लोबिनचं यंत्र, दंडाच्या पट्ट्या, दोन खुर्च्या, बांबू-चादरी, ३० वह्या, एक लिटरच्या बाटल्या, पांढरा डबा वाढवले. शनिवारी केंद्राच्या सरांना भेटायला जातोय, बॅनर न घेता.

एकच अडचण. तळावर नळ नाही, पाणी टँकरने येतं आणि रात्रीपर्यंत पिंपात तळाशी राहतं. ३० जणांचे हात धुवायला पाणी?

टिपरू

माणशी अर्धा लिटर धरा, १५ लिटर. खाली तोटी असलेला २० लिटरचा कॅन, खाली बादली. कॅन टोकनच्या रांगेतच ठेवा, टेबलाजवळ नको. टेबलापर्यंत येईतो हात वाळतात.

बोटावर_थेंब

आणि साबण दोरीला बांधा. पहिल्या बुधवारी साबण जातोच.